जावयासाठी शिकारीचा चाकू : कोणता घ्यावा?

संत्रानगरीकर

नमस्कार मंडळी. हसू नका. मी माळकरी माणूस, घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि मला शिकारीचा चाकू विकत घ्यायचा आहे.

मुलगी आणि जावई विस्कॉन्सिनला असतात. जावई दर नोव्हेंबरात ऑफिसातल्या मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जातात. तिकडे परवाना काढून ते रीतसर चालतं. मागे मुलगी फोनवर सहज म्हणाली, "बाबा, यांनी माझी भाजीची सुरी नेली आणि पार वाट लावून आणली." आम्ही दोघं सप्टेंबरात तिकडे चाललो आहोत. अनारसे आणि चांदीचं ताम्हण अधिक महिन्यात देऊन झालं. म्हटलं या खेपेला त्यांच्या उपयोगाचं काही द्यावं.

परवा नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत चक्कर मारली. विळे, कोयते, पावशी, सत्तूर सगळं होतं. "शिकारीचा" म्हटल्यावर दुकानदाराने आधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, गळ्यातल्या माळेवर नजर थांबवली, आणि मग आतून एक फूटभर लांबीचं धूड काढलं. पाठीवर करवतीचे दाते, मुठीच्या बुडाला होकायंत्र. किंमत बाराशे. दुसरा पर्याय ऑनलाइन दिसला : लाटालाटांचं "दमास्कस" पातं, शिंगाची मूठ, साडेचार हजार.

माझे प्रश्न असे. पातं किती लांब हवं? पोलाद कोणतं? इथल्या लोहाराकडून करून घेता येईल का? विमानात चालेल का? बजेट पाच हजार. आणि सौ. म्हणते की धारेची वस्तू भेट देऊ नये, नातं तुटतं. त्यावरही कोणी बोला.

शून्य मैल

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जावयाकडून एक रुपया घ्यायचा. मग ती भेट राहत नाही, विक्री होते. आमच्या आजीने चुलतभावाला अडकित्ता असाच "विकला" होता. बाकी चाकूतलं मला कळत नाही, पण धागा वाचणार.

पाटावरवंटा

काका, जावयांना विचारलंत का, काय हवंय ते?

काळा कोट

आधी कायद्याचं बोलून टाकतो, नाहीतर चाळीस प्रतिसादांनंतर कोणीतरी तेच विचारणार.

१) भारतात शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. शेताचं नुकसान करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची रीतसर परवानगी लागते. त्यामुळे इथे "शिकारीचा चाकू" हे फक्त वस्तूचं नाव आहे. दुकानात "कॅम्पिंगचा" म्हणा, कमी नजरा लागतील.

२) शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालचे २०१६चे नियम. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते शस्त्रांच्या यादीत जातं. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत, म्हणून विळा-कोयता कोणी अडवत नाही. तुम्हाला दाखवलेलं फूटभर धूड मात्र भाजी चिरायचं होतं हे पोलिसांना पटवता येणार नाही.

३) पातं लहान असलं तरी कमरेला लावून सीताबर्डीत फिरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली आयुक्तालयं वेळोवेळी बंदी आदेश काढतात. घेतला की खोक्यात घाला, पावती आत ठेवा, सरळ घरी न्या.

विमानात हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनमध्ये. पातं म्यानात आणि वरून जाड पुठ्ठ्यात गुंडाळून, म्हणजे बॅग उघडणाऱ्याचा हात कापणार नाही. आणि खटका दाबला की पातं उडून बाहेर येतं, तो प्रकार अमेरिकेत नेऊच नका.

मिशिगनवासी

मूळ धरमपेठचा, आता विस्कॉन्सिनच्या शेजारच्या राज्यात. गेली अकरा वर्षं मीही जातो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

काका, शिकारीचा चाकू हा मारायला नसतो, हे आधी लक्षात घ्या. मारायचं काम बंदूक करते. चाकूचं काम त्यानंतर सुरू होतं : हरीण पडलं तिथेच पोट उघडून आतडी काढायची, म्हणजे मांस लवकर थंड होतं आणि नासत नाही. पुढे कातडं सोलणं आणि सांध्यांतून तुकडे करणं घरी किंवा खाटकाकडे. यातल्या कुठल्याच कामाला फूटभर पातं लागत नाही. उलट ते आड येतं, कारण निम्मा वेळ तुमचा हात कोपरापर्यंत हरणाच्या छातीच्या पिंजऱ्यात असतो आणि टोक कुठे आहे ते दिसत नसतं. बोटाने चाचपूनच कळतं. म्हणून साडेतीन ते चार इंच. फार तर साडेचार.

टोकाचा आकार लांबीपेक्षा महत्त्वाचा. पात्याची पाठ टोकाकडे हलकेच खाली उतरते आणि टोक मधोमध येतं, त्याला ड्रॉप पॉइंट म्हणतात. पोट उघडताना धार वर करून, पात्याच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेवून पुढे सरकायचं असतं. टोक बाकदार आणि अणकुचीदार असलं की मूत्राशय किंवा आतडं फुटतं आणि मांसाची माती होते. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. त्या दिवशी मित्र गाडीत माझ्या शेजारी बसायला तयार नव्हते.

पाठीवरच्या दात्यांचा उपयोग शून्य. हाड कापायचंच झालं तर छोटी घडीची करवत वेगळी मिळते. होकायंत्राची मूठ पोकळ असते, म्हणजे पातं मुठीत जेमतेम इंचभर घुसलेलं. जोर दिला की तिथेच तुटतं.

मूठ. रक्त आणि चरबी लागली की हात साबण लावल्यासारखा घसरतो. तिथे नोव्हेंबरात पाणी गोठतं, बोटं बधिर असतात. गुळगुळीत पितळी किंवा चकचकीत लाकडी मूठ दिसायला सुंदर, पण अशा वेळी बोटं सरकून धारेवर येतात. रबरी किंवा खरबरीत मूठ हवी, आणि पात्याजवळ बोट अडेल असा उंचवटा. रंग नारिंगी मिळाला तर उत्तम. पानगळीत खाली ठेवलेला तपकिरी चाकू परत सापडत नाही, मी दोन हरवले आहेत. तसंही त्या हंगामात शिकाऱ्याच्या अंगावर झगझगीत नारिंगी कपडे कायद्यानेच असावे लागतात (विस्कॉन्सिनमध्ये २०१६पासून झगझगीत गुलाबीही चालतो). नागपूरच्या सासऱ्याने नारिंगी मूठ द्यावी, याहून शोभेल असं काय आहे!

ऐरण

मी व्हीआरसीई कॉलेजात (आताचं व्हीएनआयटी) मेटलर्जी शिकलो, निवृत्तीनंतर हिंगण्याच्या एका लोहाराकडे बसून हौसेने पाती करतो. वरच्या प्रतिसादातल्या आकाराशी सहमत. पोलादाचं मी सांगतो.

करून घेता येईल, आणि चांगलं होईल. आपले लोहार ट्रकच्या कमानीचे पट्टे वापरतात. ते स्प्रिंगचं पोलाद असतं, चिवट, धार सुरेख धरतं. फक्त जुना पट्टा घेताना त्यात केसाएवढ्या भेगा असू शकतात, म्हणून नवा तुकडा मागा. कोयत्याला पाव इंच जाडी चालते. तुमच्या कामाला तीन मिलिमीटर पुरे.

खरी गोम पाणी पाजण्यात आहे. पातं तापवताना चुंबक चिकटेनासं झालं (साधारण ७७० अंश) की त्याच्या थोडं पुढे न्यायचं आणि तेलात बुडवायचं. पुष्कळ जण सवयीने पाण्यात बुडवतात. असं बारीक पातं पाण्यात तडकतं, कधी तिथल्या तिथे, कधी महिनाभराने. त्यानंतर ते काचेसारखं ठिसूळ असतं, म्हणून पुन्हा हलकं, दोनशे अंशांच्या आसपास तापवायचं. घासलेल्या पात्यावर वाळल्या गवताचा सोनेरी रंग चढला की थांबायचं. निळा चढला तर धार मऊ पडली समजा. हाच निळा रंग ग्राइंडरवर धार लावणाऱ्यांच्या घाईनेही चढतो. चांगल्या सुऱ्यांचा निम्मा जीव त्या चाकावर जातो.

पारख करायला खिशात जुनी कानस ठेवा. धारेवर कानस घसरून गेली तर पातं कडक आहे, लोण्यासारखी चावली तर सोडून द्या. कारखान्याच्या चाकूच्या माहितीत बहुधा रॉकवेलचा, म्हणजे कडकपणाचा, आकडा दिलेला असतो. ५६ ते ६०च्या दरम्यान असावा.

ऑनलाइन "दमास्कस"बद्दल. खऱ्यात दोन जातींच्या पोलादाचे थर घडी घालून घालून जोडलेले असतात, त्याला मेहनत लागते. मी कुतूहलाने असाच एक मागवला होता. पॉलिश पेपर मारला तर नक्षी निघून गेली. आम्लाने वरवर उमटवलेली होती. परत पाठवायला गेलो तर म्हणे "वापरलेली वस्तू घेत नाही".

सावजी रस्सा

काका, राम राम. आमचं मटनाचं दुकान हाय, आजोबापासून. मले इंग्रजी चाकूचं काई मालूम नाई, पन बोकड रोज सोलतो.

एक गोष्ट सांगतो. कातडं चाकूनं सोलत नाईत. सुरुवातीले चार चिरा मारा लागते, मंग मूठ वळून कातडं अन् मांसाच्या मंधात घालाची आन् दाबत जायचं. गरम असतानी आपोआप सुटते. चाकू जिथं अडन तिथंच फक्त. नवीन पोरगं पटापटा चाकू चालवते आन् कातड्याले भोकं पाडते. मंग सत्तूर वेगळा, तो हाडाचा. चिंचेच्या ओंडक्यावर. हरनाचं बी तसंच असन, चार पायाचंच जनावर हाय ना.

आमची सोलाची सुरी पाच इंची, पातळ. पाहून कोनी म्हनन का बाईच्या हातातली सुरी हाय. दिवसातून दहा खेपा निसण्यावर घासतो. तुमच्या जावयानं भाजीच्या सुरीनं काम केलं ना, सुरी चुकीची नव्हती. धार नसन.

मिशिगनवासी

सावजी भाऊंना साष्टांग. मुठीने सोलायचं मला इकडच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने तिसऱ्या वर्षी शिकवलं, तोवर मी चाकूच चालवत होतो.

गोंडखैरी

शिंगाच्या मुठीवरून आठवलं. आमचे आजोबा साठच्या दशकात परवान्यावर शिकारीला जायचे. त्यांचा एक चाकू अजून आहे, जर्मन पातं, सांबरशिंगाची मूठ. लहानपणी आम्हाला तो दसऱ्यालाच दिसायचा, शस्त्रपूजेत, झेंडूच्या फुलाखाली. पातं घासून घासून विळ्यासारखं बारीक झालंय. मूठ हातात घेतली की कळतं, ओल्या हातातही ती घसरत नाही, शिंगाला मुळातच खाचा असतात. काकांच्या जावयाला तो द्यावा असं क्षणभर वाटलं, खरं सांगतो.

काळा कोट

गोंडखैरी, देऊ नका आणि इथे फोटोही टाकू नका. सांबर, चितळाचं शिंग वन्यजीव कायद्यात येतं. विकणं, बाहेरदेशी नेणं तर लांबच. काका, त्या ऑनलाइनवाल्याची मूठ खऱ्या शिंगाची असेल तर गुन्हा, आणि खोटी असेल तर फसवणूक. दोन्हीकडून तुम्हीच जाल.

संत्रानगरीकर

बाप रे. एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल ऐरणसाहेबांनी निरोपात दिलेल्या पत्त्यावर हिंगण्याला जाऊन आलो. भाता आता विजेच्या पंख्यावर चालतो हे पाहून थोडं वाईट वाटलं, का ते सांगता येणार नाही. लोहारबाबा म्हणाले चार इंचांचं पातं, धावड्याची मूठ, अठराशे रुपये, आठ दिवस. धावडा म्हणजे कुऱ्हाडीच्या दांड्याचं लाकूड, फुटत नाही. मी जवळजवळ हो म्हणून आलो. कोणाची हरकत?

मिशिगनवासी

हरकत आहे, आणि ती मला आधीच सांगायला हवी होती.

विस्कॉन्सिनच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग आहे. तिथे तो २००२मध्ये पहिल्यांदा सापडला. जनावर झिजत झिजत मरतं. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण जपायला सांगतात : हातमोजे घाला, मेंदू आणि मणका कापू नका, मांस खाण्याआधी हरणाची तपासणी करून घ्या. याचं कारण जंतू नाही, विषाणूही नाही. प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन आहे, ते उकळूनही नीट मरत नाही. अवजारं कडक ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवावी लागतात.

कमानीच्या पट्ट्याचं साधं पोलाद ब्लीचमध्ये ठेवलं तर एका हंगामात गंजून खड्डे पडतील. धावड्याची मूठ ते पाणी पिऊन बसेल ते वेगळंच. त्यांच्यासाठी स्टेनलेस आणि प्लास्टिक-रबराची, सांधा नसलेली मूठ हवी. त्याच कारणाने घडीचा चाकूही नको, बिजागरीत रक्त-चरबी शिरते आणि निघत नाही. बक ११० हा घडीचा चाकू १९६४पासून इकडे शिकाऱ्यांच्या कमरेला आहे, माझ्याकडेही आहे, पण पोटाचं काम झालं की बिजागरी टूथब्रशने घासत बसावं लागतं.

स्वीडनचा मोरा कंपॅनियन स्टेनलेसमध्ये मिळतो. साधारण चार इंच पातं, अडीच मिलिमीटर जाड, रबरी मूठ, प्लास्टिकचं म्यान, नारिंगी रंगातही येतो. तिकडच्या दुकानात तो फार महाग नाही. नागपूरहून न्यायची गरजच नाही.

ऐरण

मिशिगनवासी, रोगाचा मुद्दा मान्य. मला ठाऊक नव्हता. पण स्टेनलेसही ब्लीचमध्ये विसरलं तर खड्डे पडतातच. वेळ पाळून स्वच्छ पाण्याने धुवावं लागतं. आणि कारखान्याचं स्वस्त स्टेनलेस रानात धार लावायला त्रास देतं. माझं पातं एका हरणावर पानाच्या देठासारखं चालेल. ज्या भागात रोग नाही तिथे मी अजूनही साधं पोलादच सांगेन. हरणामागे दहा मिनिटं पुसायला नि तेल लावायला द्यायची तयारी हवी, एवढंच.

मिशिगनवासी

उणे दहा अंशांत, अंधारात, साठ किलोचं हरीण ओढत गाडीपर्यंत आणल्यावर दहा मिनिटं तेल लावणारा माणूस मी अजून पाहिला नाही. पण तुमचं पातं मला स्वतःसाठी हवंय. डिसेंबरात येतो.

पाटावरवंटा

मी पुन्हा विचारते. जावयांना कोणी विचारलं का?

शून्य मैल

ताई, जावयाला विचारून काही द्यायचं असतं तर अधिक महिना कशाला आला असता.

संत्रानगरीकर

विचारलं. काल रात्री व्हिडिओ कॉलवर, सौ. झोपल्यावर. आधी "चाकू" शब्द ऐकून ते गडबडले. माझ्यासमोर शिकारीचा विषय ते कधी काढत नाहीत. मग उठून आत गेले आणि कपाटातून दोन चाकू घेऊन आले. एक तोच मोरा की कोण तो, नारिंगी नाही, हिरवा आहे. दुसरा मित्राने दिलेला.

म्हटलं, मग मुलीची सुरी का नेलीत? तर म्हणाले, "बाबा, दोन्ही बोथट झालेत. मला धार लावता येत नाही. यूट्यूब पाहून लावली तर आणखी बिघडली. तुमच्या मुलीची सुरी तेवढी धारेची होती, कारण ती तुम्ही गेल्या वर्षी आलात तेव्हा लावून दिली होतीत."

मला आठवलंही नव्हतं. त्यांच्या स्वयंपाकघरात कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर घासून दिली होती, आई द्यायची तशी.

तर आता चाकू नाही. धारेचा दगड न्यायचा. प्रश्न बदलतो : कुठला दगड, आणि मांस कापायच्या सुरीला धार कशी लावतात? भाजीच्या सुरीची मला येते, पण हे काम वेगळं असणार.

ऐरण

दोन बाजूंचा कृत्रिम दगड घ्या, एक बाजू ४०० (खरबरीत) आणि दुसरी १००० (बारीक). लोहा ओळीतच मिळेल. पाण्यात दहा मिनिटं भिजवायचा. पातं दगडावर साधारण २० अंश कलतं ठेवायचं, दोन्ही बाजूंनी तेवढंच. हे अंश डोळ्यांनी कळत नाहीत, म्हणून धारेवर मार्करने काळी रेघ ओढा आणि दोनदा घासा. रेघ फक्त वरच्या बाजूने पुसली गेली तर पातं फार आडवं धरलंय, फक्त धारेच्या अगदी कडेने गेली तर फार उभं. मोऱ्याची धार रुंद एकसपाट उतरती असते, ती पूर्ण टेकवली की कोन आपोआप मिळतो. एका बाजूने घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला कुसळासारखं लागेपर्यंत. लागलं की बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट्या दिशेने, न्हावी वस्तरा फिरवतो तसं. दोन किलोच्या आत वजन, बॅगेत कोणी अडवणार नाही.

सावजी रस्सा

काका, लिहून नाई येत ते. हाताले कळा लागते. दुकानावर या, एका घंट्यात शिकवतो. रविवारी नका येऊ, मरायले फुरसत नसते. श्रावनात या, कोनीच नसते, मी मोबाइल पाहत बसलो असतो. दगड तुमचा घेऊन या, भाजीची सुरी बी घेऊन या घरची.

संत्रानगरीकर

येतो. पण भाऊ, माळ आहे गळ्यात. दुकानात आत नाही यायचो.

सावजी रस्सा

बाहेर स्टूल टाकतो. पान्याची बादली बी बाहेरच ठेवतो.